थोरल्या ताईंच्या सात भिंती

भिंतीला कान लावून बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत; पण अख्ख्या गावाच्या भिंतींवर हेडक्लार्की करणारी व्यक्ती आयुष्यात एकच पाहिली आणि ती माझ्या बायकोची थोरली बहीण निघाली. आम्ही सगळे त्यांना थोरल्या ताई म्हणतो. माहेर पेडण्यातलं हळर्ण, सासर डिचोली, आणि या दोहोंच्या मध्ये पणजीच्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरी. यजमान गेले, मुलगी वास्कोला सुखात आहे. अशा बाईनं निवृत्तीनंतर देवदेव करावा, गुडघे दुखतात म्हणावं, जावयाबद्दल चार तक्रारी कराव्यात. ताईंनी यातलं काही केलं नाही. त्या दर रविवारी सकाळी आठ वाजता परक्या माणसांना गोळा करतात आणि डिचोलीतल्या भिंती दाखवत हिंडवतात.

त्याचं असं झालं की काही वर्षांमागे कुठल्याशा कला मंडळानं डिचोलीत बायकांकडून भिंती रंगवून घेतल्या. काही चित्रकार मुली बाहेरून आल्या, दोघी-तिघी इथल्याच होत्या. महिन्याभरात बाजारापासून तळ्यापर्यंत सात भिंती रंगल्या, फोटो निघाले, भाषणं झाली आणि मंडळ आलं तसं निघून गेलं. ताई नुकत्याच निवृत्त होऊन घरात बसल्या होत्या आणि घरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. त्यांनी भिंतींचा चार्ज घेतला. हा शब्द त्यांचाच. कोणी दिला, असं विचारायची माझी छाती झाली नाही. आठवड्याभरात प्रत्येक भिंतीची फाईल उघडली गेली, तिला क्रमांक पडला, आणि भिंत क्रमांक दोनवर पोस्टर चिकटवणाऱ्या एका उमेदवाराच्या कार्यकर्त्याला ताईंनी असा झापला की त्यानं पोस्टर तर काढलंच, वर ओल्या फडक्यानं भिंत पुसूनही दिली.

आठ म्हणजे आठ. बाजारातल्या पिंपळाखाली उभ्या राहून ताई हजेरी घेतात. आठ वाजून तीन मिनिटांनी धावत आलेल्या एका जर्मन जोडप्याला त्यांनी गैरहजर मांडून परत पाठवलं होतं. ते दोघं पुढच्या रविवारी सव्वासातलाच येऊन पिंपळाखाली उभे राहिले आणि ताईंच्या मते युरोपात आजवर एवढीच दोन शहाणी माणसं जन्माला आली आहेत. हजेरी झाली की फेरी सुरू. मग चित्राचं वर्णन. ते ऐकताना आपण चित्र बघतो आहोत की पंचनामा ऐकतो आहोत हे कळत नाही. "सदरहू भिंतीवर एकंदर अकरा मासे असून पैकी तीन मासे वरच्या दिशेनं जात आहेत." मुंबईहून आलेल्या एका दाढीवाल्या तरुणानं एकदा त्या तीन माशांचा अर्थ काय म्हणून विचारलं. ताईंनी त्याला चष्म्यावरून पाहिलं आणि अर्थ घरी जाऊन काढा, इथं फक्त मोजणी करा, असं सांगितलं. बिचाऱ्यानं खरंच मासे मोजले. अकराच भरले.

चित्राला पाच मिनिटं, पण चित्र काढणारीच्या घराण्याला अर्धा तास. ती कोणाची कोण, माहेर कुठलं, कुठे दिली, का नाही दिली, हे सगळं ताईंना तोंडपाठ. तिसऱ्या भिंतीपाशी उभं राहून त्या सांगतात की ही आमोण्याची सून, नवरा शिकलेला आहे पण सासू कडक, म्हणून चित्रात निळा रंग जास्त आला आहे. कलेची याहून सोपी मीमांसा मी तरी कुठे वाचलेली नाही. शिवाय भिंत ज्या घराची, त्या घराचीही माहिती याच फेरीत मिळते. चौथ्या भिंतीमागच्या घरात दोन जावांचं पटत नाही, ही गोष्ट आता स्वित्झर्लंडमध्येही माहीत आहे. कधी कधी खिडकी उघडून त्या घरातलीच एखादी बाई तपशील दुरुस्त करते. ताई तो दुरुस्त तपशील ऐकून घेतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा स्वतःचाच सांगतात. पाचव्या भिंतीनंतर सगळ्यांनी एका ठरलेल्या हॉटेलात पातळभाजी आणि उंडे, म्हणजे कडक गोल पाव, खायचे असतात. कोणाला भूक नसली तरी खायचेच, कारण कार्यक्रमपत्रिकेत तसं लिहिलं आहे.

या सगळ्यात माझं काम शेपटाला चालायचं. बायकोनं मला बहिणीच्या सेवेला परस्पर देऊन टाकलं होतं. शेवटच्या माणसामागून चालायचं आणि पाचव्या व सहाव्या भिंतीच्या मध्ये कोणी डोकावत नाही ना, यावर नजर ठेवायची. त्याला कारण होतं. त्या वळणावर एका पेंटरचं घर आहे. खाणी चालू होत्या तेव्हा डिचोलीतले कितीतरी ट्रक त्यांच्या अंगणात रंगून गेले. खाणी थंडावल्या, ट्रक गंजले, मग पेंटर दुकानांचे बोर्ड लिहू लागले. गावात सात भिंती रंगल्या तेव्हा त्यांच्याही गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या चिऱ्यांच्या भिंतीवर, एक आठवं चित्र उमटलं, आणि खाली कोपऱ्यात ठळक, सावली दिलेल्या अक्षरांत पेंटरांचं नाव. ताईंनी ते नाव वाचलं मात्र, त्या भिंतीवर कायमची बंदी आली.

बंदी म्हणजे कशी? तर ताईंच्या फेरीला येणाऱ्यानं बाराही महिने छत्री आणायची. लोकांना वाटे, उन्हासाठी असेल, बाईंना किती काळजी. वळण आलं की ताई हुकूम सोडत, "उजवीकडे छत्र्या. इथं पाहण्यासारखं काही नाही, पुरुषाचं काम आहे." मग पंधरा-वीस माणसं छत्र्या आडव्या धरून, मान खाली घालून त्या गडग्यावरून जात. समोर सोप्यावर पेंटर बसलेले असत, दारात त्यांची बायको उभी असे. ती दोघं बघत राहत. पहिल्या वेळी मला शरमेनं कानकोंडं झालं. पण खोटं कशाला सांगू, पेंटरांच्या मनाला काय वाटेल यापेक्षा मेव्हणीला काय वाटेल याचीच मला जास्त भीती होती, त्यामुळे मीही माझी छत्री आडवी धरत असे. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं.

आता चित्राबद्दल सांगतो, कारण छत्रीच्या कडेवरून मी ते चोरून पुष्कळदा पाहिलं आहे. रांगेनं ट्रक चाललेले, आणि त्यांच्या हौद्यांतून लाल मातीऐवजी फुलं सांडताहेत. अबोली, शेवंती, जास्वंद. एका ट्रकच्या टपावर कोंबडी पिल्लं घेऊन बसली आहे. दुसऱ्याच्या खिडकीत लुगडं वाळत घातलं आहे. ताईंचं म्हणणं, ट्रक काढायचं फक्त पुरुषालाच सुचतं. लुगड्याकडे आणि कोंबडीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही आणि गेलं असतं तरी फाईलमध्ये तसा रकाना नव्हता.

मागच्या गणेशचवथीच्या आधीचा रविवार. म्हापशाहून एका महिला मंडळाच्या वीसेक बायका आल्या होत्या, ताई भलत्याच रंगात. वळणावर नेहमीचा हुकूम सुटला. पण मंडळातल्या एका आजीबाईंकडे छत्रीच नव्हती. त्या थांबल्या, चित्राकडे पाहून हसल्या आणि किती गोड काढलंय म्हणाल्या. झालं. ताईंनी सगळी फेरी थांबवली. ज्या भिंतीकडे तीन वर्षं कोणाला बघू दिलं नाही, त्याच भिंतीपुढे उभ्या राहून त्या व्याख्यान देऊ लागल्या. ही पाकळी बघा, म्हणाल्या, ही जड आहे. बाईचा हात असता तर ती हलकी पडली असती. पुरुषाचा हात लपत नाही.

पेंटर सोप्यावरून उठले. सावकाश चालत फाटकापाशी आले आणि त्यांनी लोखंडी कडीवर हात ठेवला. तो हात थरथरत होता आणि कडी सारखी वाजत होती. ती थांबावी म्हणून त्यांनी दुसरा हात वर ठेवला, तर तोही तसाच.

"बाय, ती भित म्हजी न्हय," ते घराच्या दाराकडे बघत म्हणाले. "म्हज्यान आतां ब्रश धरूंक जायना. ती हिणें काडल्या."

आतून त्यांची बायको धावत आली. हाताला खवलेला नारळ तसाच. तिनं ताईंकडे पाहिलंसुद्धा नाही, नवऱ्यावरच उखडली. तुमी गप रावात, कित्याक सांगतात, म्हणून त्यांना घरात ओढू लागली. पण पेंटर हलले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. बोर्डावरची अक्षरं ते खडूनं कशीबशी आखून देतात, रंग ती भरते. आणि हे हात गेल्यापासूनचं झालं. ट्रकांच्या मागची फुलं, मोर, हरणं तर लग्न झाल्यापासून तिचीच. ते नंबर आणि मालकाचं नाव घालत, ती उपड्या डब्यावर बसून फुलं काढी. गडग्यावरचं चित्र तिनंच काढलं आणि खाली त्यांचं नावही तिनंच लिहिलं. "तीन वर्सां तुमी हिच्या कामाक नांवां दवरतात," ते म्हणाले, "तें म्हाका आयकूंक जायना."

एव्हाना शेजारणी गडग्याशी जमल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही यात नवल वाटलेलं दिसलं नाही. वाड्यावस्तीत सगळ्यांनाच हे ठाऊक होतं. कोणाच्या घरात काल कुठलं नुस्तं, कुठली मासळी आली हे सांगू शकणाऱ्या ताईंना तेवढं ठाऊक नव्हतं. ताईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं की मग मला कोणी सांगितलं का नाही. शेजारीण म्हणाली, "तुमी केन्ना विचारलें? तुमीच तर सांगत आसतात."

ताईंनी कार्यक्रमपत्रिका पिशवीत कोंबली आणि त्या वळण ओलांडून पुढे निघाल्या. मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या हेही कबूल करतो. तीन वर्षं शेपटाला चाललो होतो, तेवढा हक्क मला होता. उरलेल्या दोन भिंती ताईंनी सात मिनिटांत उरकल्या. माशांची मोजणी नाही, सुनांची नाही. घरी येऊन मी बायकोला सगळा प्रसंग नकलेसकट करून दाखवला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

बुधवारी ताईंनी मला सोबत घेतलं आणि पेंटरांच्या घरी गेल्या. हातात नवीन फाईल, भिंत क्रमांक आठ, आणि आत माहितीचा कोरा तक्ता. पेंटरांच्या बायकोनं आम्हाला बसवलं, चहा दिला. ताई माफी मागतील असं मला वाटलं होतं. पण माफीचा नमुना त्यांच्याकडे छापलेला नसावा. त्या एकदम म्हणाल्या की भिंतीवरचं नाव बदलू, तुमचं घालू, कोपऱ्याला रंग मी आणून देते. माहेरचं नाव सांगा आणि सासरचं सांगा.  पेंटर मागच्या दारी नारळीच्या आळ्यात पाणी घालत होते, तिकडे त्या बाईनं एकदा पाहिलं.

"आसा तें नांव रावूं दियात," ती म्हणाली. "तांचे ट्रक गेले, हात गेलो. नांवूय गेल्यार ते दीसभर कितें करतले?"

ताईंनी तक्त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि पिशवीत टाकला. कोरा तक्ता घेऊन त्या परत आल्या, असं त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत घडलं नसेल. येताना मी मनातल्या मनात पुढच्या नकलेची तयारी करत होतो. तळ्याशी आल्यावर ताई बाकावर बसल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तीस वर्सां कागद लिवले मियां, भावजी, आनी सही केल्यान सायबान. आनी त्या बायलेचा काम माकाच वळखूक येवक नाय."

माझ्या डोक्यातली नक्कल तिथंच राहिली. इतकी वर्षं मी यांच्या घरी जेवलो, यांच्या हेडक्लार्कीवर घरोघर हशे मिळवले, पण त्या कचेरीत बसून या बाई नेमकं काय लिहीत होत्या, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं. ताईंनी आधी हात झटकला, मग सांगू लागल्या. एका शाळेच्या छपराचा कागद होता. ओढ्यावरच्या एका साकवाचा होता, तो चार वेळा परत आला आणि चारही वेळा यांनी नव्यानं लिहिला. आणि एक हळर्णला जाणाऱ्या दुपारच्या बसचा, त्याच्या मसुद्यावर या दोन महिने बसल्या होत्या. सायबांनी सही केली आणि वर्तमानपत्रात सायबांचा फोटो आला. त्या बसनं माझी बायको कॉलेजातून घरी येत असे. ती बस नसती तर तिला दहावीनंतर घरी बसवणार होते, हे मला ठाऊक होतं. बस कशी आली, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

आता रविवारची फेरी पेंटरांच्या गडग्यापाशी थांबते आणि सगळ्यांत जास्त वेळ तिथंच थांबते. ताई तिथं काही सांगत नाहीत, कोणी विचारलं तरी नाही. मी शेपटाला उभा असतो. त्या बुधवारी घरी गेल्यावर मी बायकोला बसची गोष्ट सांगितली. ती संध्याकाळी साडी बदलून बहिणीकडे गेली आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत आली नाही.