इनॉक फ्रॉगटच्या वाटणीची बिअर

सोमवारी हौदात कोण उतरणार, हा प्रश्न केझाया फ्रॉगटच्या डोक्यातून काही केल्या जाईना. तिचा थोरला, इनॉक, परवा त्याच हौदात मेला होता. आता तो 'प्लाऊ' पबच्या मागच्या पडवीत, दोन पिंपांवर टाकलेल्या फळीवर पडला होता. त्याची काळजी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काळजी होती ती धाकट्या सायलसची. कॉट्रिलच्या बिअरच्या कारखान्यात हौद धुणारी माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक फळीवर होतं.

मृत्यूची चौकशी पबमध्ये भरली होती. बारा पंच एकदम बसतील अशी गावात दुसरी जागा म्हणजे चर्च, आणि तिथं प्यायला काही मिळत नाही. पब कॉट्रिलचा, बाकं कॉट्रिलची, पंचांच्या हातातली बिअर कॉट्रिलची, आणि शेकोटीजवळची उबदार खुर्ची अडवून बसलेले व्यवस्थापक बर्केट तर नखशिखांत कॉट्रिलचे. चौकशी चालवणारे सरकारी अधिकारी, कॉरोनरसाहेब, तेवढे बाहेरचे. पण त्यांना चारची गाडी गाठायची होती, आणि खिशातलं घड्याळ ते इतक्यांदा बाहेर काढत होते की ते हातातच का धरत नाहीत, असं केझायाला वाटलं.

पंचांनी प्रेत बघितलंच पाहिजे असा नियम आहे. ते रांगेनं पडवीत गेले, निम्मे तर बिअरचा मग हातात घेऊनच. प्रेताला जितका वेळ दिला त्याहून जास्त वेळ त्यांना दारातून आत शिरताना एकमेकांना वाट देण्यात लागला.

"चेहरा सुजलाय," परतताना खाटीक म्हणाला. "पिणाऱ्यांचा सुजतो तसा."

"पिणाऱ्यांचा कसा सुजतो ते तुला बरं ठाऊक," बेकरीवाला म्हणाला, आणि दोघं हसत आपापल्या जागी बसले.

केझाया ऐकत होती. इनॉक पिणारा. बापाला गटारातून उचलून घरी आणायचं काम ज्याच्याकडे बाराव्या वर्षापासून होतं, तो इनॉक. बाप एका हिवाळ्यात त्या गटारातच गेला. त्याच महिन्यात इनॉकनं चॅपेलमध्ये दारू न पिण्याची शपथ घेतली, आणि ते छापील कार्ड चौकटीत घालून बिछान्याच्या वर भिंतीला टांगलं. मग तोच इनॉक कॉट्रिलच्या फाटकाशी नोकरी मागायला उभा राहिला, कारण त्या गावात दुसरी नोकरी नव्हती. पोरं त्याला 'पाद्रीबुवा' म्हणत. बोलायचा इतकं हळू की समोरच्याला कान पुढे करावा लागे. पण रिकाम्या हौदात उतरला की मोठ्यानं भजनं म्हणायचा. लाकडाच्या त्या पोकळीत आवाज घुमतो, तो त्याला आवडायचा. एकतीस वर्षांत त्यानं स्वतःसाठी केलेली चैन एवढीच.

पहिली साक्ष डॉक्टरांची झाली. प्रेत उघडून बघण्याचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. "कपड्यांना मद्याचा उग्र वास होता," ते म्हणाले.

"बिअरच्या गाळात पडला होता तो, डॉक्टर," केझाया मागून म्हणाली. "गुलाबाचा वास यायला हवा होता का?"

"बाई, तुमची पाळी आली की बोला," कॉरोनरसाहेब म्हणाले. पाळी कधी येणार हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मग बर्केट उठले. कारखान्यात रोज सकाळी सहाला प्रत्येक कामगाराला डबाभर बिअर मिळते, हे काय नवीन सांगायचं. त्या दिवशी इनॉकनं आपला डबा घेतला, बिअर वाटायच्या खिडकीवरच्या माणसानं पाहिलं. "रिकाम्या पोटी दोन शेर बिअर आणि मग शिडी," बर्केट खेदानं म्हणाले. तो खेद त्यांनी बहुधा घरून इस्त्री करूनच आणला होता. "तोल गेला, साहेब. दुसरं काय?"

त्यानंतर सायलस. सव्वीस वर्षांचा गडी, टोपी पिळत उभा. शिडी त्यानं धरली होती.

"वरून ऐकत होतो," तो म्हणाला. "भजन चालू होतं. ओळ अर्ध्यातच थांबली. हाका मारल्या, तर ओ नाही."

"उतरण्याआधी मेणबत्ती सोडली होती का?" कॉरोनरसाहेबांनी कागदावरून वाचल्यासारखं विचारलं.

हौद रिकामा झाला तरी बिअरचा विषारी वायू तळाशी साचून राहतो. दिसत नाही. म्हणून दोरीला मेणबत्ती बांधून आधी खाली सोडायची. विझली तर उतरायचं नाही. ईस्टरनंतर बर्केटनी ते बंद केलं होतं. पाव तास फुकट जातो आणि मेणबत्तीच्या चरबीचे थेंब हौदात पडतात, म्हणून. हे सायलसनंच घरी सांगितलं होतं, शिव्या घालून.

सायलसनं शेकोटीकडे पाहिलं. बर्केट त्याच्याकडे बघत होते.

"आठवत नाही, साहेब."

केझायानं डोळे मिटले. असं पोर आपण जन्माला घातलं, हा राग आला तिला, आणि त्याच दमात त्या पिळलेल्या टोपीची कीवही आली. पण 'दारू पिऊन पडला' असं आज लिहिलं गेलं की मेणबत्तीचं नाव कुणी काढणार नाही, आणि सोमवारी शिडीवरून खाली जाणार तो हाच.

ती उठून पुढे आली.

"साहेब, माझा प्रश्न तुम्हाला नाही. पंचांच्या म्होरक्याला आहे."

म्होरक्या होता टनिक्लिफ, खोगीर शिवणारा. दुकान कारखान्याच्या फाटकासमोर. त्याच्या मिशांना अजून फेस होता.

"अहो टनिक्लिफ, तुमच्या खिडकीत रोज सकाळी एक निळी सुरई असते. कशाला ठेवता?"

टनिक्लिफनं मग खाली ठेवला. "फुलांना, फ्रॉगटबाई."

"गेली नऊ वर्षं? फुलं काही दिसली नाहीत कुणाला."

मागून कुणीतरी हसलं.

"बिअर नाकारली तर माणसं चिडतात, म्हणून माझा इनॉक डबा घ्यायचा आणि रस्ता ओलांडून तुमच्या सुरईत ओतायचा. परवा सकाळीसुद्धा. तुम्ही प्यायलात की नाही?"

टनिक्लिफनं पंचांकडे पाहिलं, पंचांनी आपापल्या मगांत.

"त्याला टाकवत नव्हती," तो शेवटी पुटपुटला. "मी आपलं... त्याच्यावर उपकार म्हणून."

"नऊ वर्षं रोज उपकार," खाटीक म्हणाला. "थकला असशील रे बिचारा."

हास्याचा गडगडाट झाला. कॉरोनरसाहेबांनी टेबलावर हात आपटला.

"म्हणजे डबा तुम्ही प्यायलात, आणि पिऊन पडला म्हणून सही तुम्हीच करणार होतात?" त्यांनी विचारलं. दुपारभरातला हा त्यांचा पहिला शहाणा प्रश्न. केझायाला क्षणभर आशा वाटली.

"आता मेणबत्तीचं विचारा, साहेब," ती म्हणाली. "कुणी बंद केली, ते विचारा."

साहेबांनी घड्याळ काढलं. साडेतीन. त्यांनी ते मिटलं, आणि त्याबरोबर चौकशीही.

पंचांना बाहेर जायचीसुद्धा गरज वाटली नाही. डोकी एकत्र केली, आणि टनिक्लिफनं, मिशा पुसून, निकाल वाचला: इनॉक फ्रॉगट देवाच्या इच्छेनं एकाएकी मरण पावला, दोष कुणाचाही नाही. दारूचा आळ गेला. त्याच्या जागी देवाला बसवलं, कारण साक्षीला तो येत नाही आणि त्याला नोकरीवरून काढता येत नाही. बर्केटनी सगळ्यांसाठी एकेक मग मागवला.

बाहेर रस्त्यावर सायलस तिच्या मागोमाग आला.

"आई, त्याचं नाव तरी स्वच्छ राहिलं ना?"

"राहिलं. सोमवारी तू उतरणार?"

"उतरावंच लागेल."

"मेणबत्तीशिवाय?"

त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

"फाटकावर कायद्याचा कागद लावलाय," ती म्हणाली. "कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबाचं नाव नि पत्ता असतो त्यावर. वाचून दाखव मला."

"कशाला?"

"मेणबत्ती बंद केल्याची त्याला तार करायची आहे. उद्या रविवार, मग उशीर होईल."

सायलसचा चेहरा उतरला. "आई, तुझ्या पाया पडतो. बर्केटला कळलं तर मला त्याच दिवशी हाकलतील."

"हाकललेलं माणूस घरी येतं, सायलस. आपल्या पायांनी येतं."

"आणि मग खायचं काय?"

"ते मला विचार. मी पिंपं धुईन, धुणी धुईन, नाहीतर टनिक्लिफच्या दारात सुरई घेऊन बसेन. तुझ्या भावाबद्दल तिथं 'आठवत नाही' म्हणालास, तेव्हा मी गप्प बसले. आता तू गप्प बस आणि वाच."

ती फाटकाकडे चालू लागली. सायलस थोडा वेळ पबच्या दाराशीच उभा राहिला. आतून कुणीतरी त्याला मगासाठी हाक मारली. मग तो आईच्या मागे गेला, पावसानं पिवळ्या पडलेल्या त्या कागदासमोर वाकला आणि साहेबाचं नाव एकेक अक्षर लावत वाचू लागला. केझाया ते ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली, पोस्टात जाईपर्यंत विसरू नये म्हणून.