टॉवेलामागचं लग्न

"दुसऱ्याचं लग्न आपण काहून पाहावं गा?" असं म्हणून भाऊ टीव्हीवर टॉवेल टाकायचे. त्यांच्याबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण भाऊंचं लिहायचं तर माझंही लिहावं लागतं. आता पंच्याहत्तरी उलटली. लिहून टाकतो.

सक्करदऱ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग तेव्हा नवीनच निघालं होतं. भाऊ शूटिंग करत नसत, फक्त कॅसेटच्या नकला काढत. दोन व्हीसीआर वायरीनं जोडायचे, एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. नक्कल मुळाइतकी स्वच्छ हवी, हा त्यांचा हट्ट. अख्खं लग्न एकाच कॅसेटमध्ये कोंबायला कुणी सांगितलं की ते चिडत. "कमी स्पीडवर भरलं का नवरदेव मेणाचा दिसते. चालते का तुमाले?"

नक्कल होत असताना मात्र ते पडद्याकडे बघत नसत. "घरच्या बाया असतात त्याच्यात. रडतात, जेवतात. ते आपल्यासाठी नाही." म्हणून टॉवेल. शेवटी कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची खुंटी स्क्रू ड्रायव्हरनं मोडायची. ती मोडली की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. "आता ब्रह्मदेव आला तरी काही करू शकत नाही," भाऊ म्हणायचे. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं.

मी शेती खात्यात कारकून. आमचे साहेब टीव्हीवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोलणार होते, आणि ते रेकॉर्ड करण्याचं फर्मान माझ्या नावानं निघालं. मी आठवडाभर गल्लीत तेच सांगत सुटलो. त्या संध्याकाळी दुकानात गेलो तर भाऊ दाढी करायला निघालेले. "बस गा, आलोच." इकडे कार्यक्रम सुरू झाला. कोरी कॅसेट सापडेना. टेबलावर खुंटी मोडलेली एक पडली होती. नक्कलच असेल, भाऊ दुसरी काढतील, असं मनाला समजावून मी चिकटपट्टी लावली. भाऊ परत येताना दिसले तसं घाईघाईनं थांबवलं, पट्टी सोलली, कॅसेट जागेवर ठेवली. साहेबांना सांगितलं, लाइट गेले होते.

ती मूळ होती. धरमपेठेतल्या एका कापडवाल्याच्या मुलीच्या लग्नाची.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी टॉवेल टाकून तिच्या तीन नकला काढल्या. मग कापडवाल्यांनी व्याह्यांना जेवायला बोलावलं. व्हीसीआर लावायला भाऊ गेले, आणि "चाल गा, श्रीखंड आहे" म्हणून मलाही घेऊन गेले. हॉलमध्ये चाळीस माणसं. भाऊ यंत्राजवळ भिंतीकडे तोंड करून उभे. पडद्यावर मंगलाष्टकं संपत आली, अंतरपाट हलला, नवरीनं हार उचलला, आणि सफारी घातलेले आमचे साहेब म्हणाले, "बोंडअळी दिसताच फवारणी करावी."

कुणी हसेना. नवरदेवाच्या आजीनं हात जोडले आणि सुनेला विचारलं, "भटजीनं सफारी काहून घातली वं?"

"हा कोण माणूस?" व्याही गरजले. "तुमच्याकडचा?"

"आमच्याकडचा कशाला? तुमचाच असेल!"

साहेब कपाशीवर शांतपणे बोलतच राहिले. ते गेले तेव्हा पडद्यावर पंगत बसली होती. हार, सप्तपदी, सगळं गेलं.

भाऊंनी तेव्हा पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी श्रीखंडाच्या वाटीत चमचा फिरवत होतो. भाऊ यजमानांकडे वळले. "चूक माही आहे. म्या पाहिलंच नाही."

नवरीनं त्यांना एवढंच विचारलं, "आता हार कुठून आणायचा, काका?" मी श्रीखंड संपवलं.

त्या मोसमात भाऊंकडे एकही लग्न आलं नाही. पुढच्याही नाही. दुकानाला कुलूप लागलं आणि ते बहिणीकडे कन्हानला गेले. जाताना मला चिकटपट्टीचं रीळ तेवढं देऊन गेले, "तुह्या कामाचं आहे."

सहा वर्षांनी मी कन्हानला गेलो. सगळं वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं. भाऊ ओसरीत रेडिओ उघडून बसले होते. चहा आला. मी कप खाली ठेवला. "भाऊ, त्या कॅसेटवर..."

भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसायला घेतल्यासारखा चेहऱ्यावर धरला, आणि तो तसाच धरून बसले.

मला म्हणायचं होतं, "ते मी केलं, मला माफ करा." टॉवेल हलेना. मी म्हणालो, "चहा मस्त झाला."