छबूअक्काची सही

कळसच्या महिपतीआबांचं तेरावं उरकलं तसं त्यांच्या मुलानं, गोकुळनं, दोघी बहिणींसाठी साड्या आणल्या. साडी आली की बहिणीनं काय ते समजायचं. इंदापूरला जायचं, हक्कसोडपत्रावर सही करायची, बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडायचा आणि माहेर राखायचं. जी सही करत नाही तिला पुढं भाऊबीजेलाही कुणी विचारत नाही.

थोरली छबूबाई भवानीनगरला कारखान्याच्या कामगारांची खानावळ चालवायची. तिचं बरं चाललं होतं. धाकटी म्हाळसा मात्र नवऱ्यानं टाकल्यापासून आबांच्याच रानात, विहिरीजवळच्या खोलीत राहत होती. तिथंच वांगी लावायची आणि बारामतीच्या बाजारात न्यायची. सही झाली की खोली आणि वांगी दोन्ही गोकुळच्या मर्जीवर. म्हाळसाला ते कळत होतं, पण भावाला नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. अक्का पहिली सही करणार, मग आपण कोण मोठे लागून गेलो?

गोकुळनं जीप आणली. छबूबाई नवी साडी नेसूनच बसली. वाटेत गोकुळनं मिसळ खाऊ घातली, तर तिनं हॉटेलवाल्याला सुनावलं, "मटकी कच्ची हाय रं. माझ्या खानावळीत ये, शिकीवते."

कचेरीत छबूबाईचा नंबर आधी लागला. साहेबांनी नेहमीचं विचारलं, "मावशी, राजीखुशीनं सोडताय ना?"

"न्हाय," छबूबाई म्हणाली.

गोकुळ पुढं सरसावला. "अक्का, काय बोलतीस? साडी नेसून आलीस की!"

"नेसली, आवडली, ती आता माझी. सही वेगळी." ती खुर्चीवरून उठली. "म्हाळसाचा हिस्सा, विहिरीकडचा, मोजून वेगळा काढ. तिच्या नावाचा सातबारा दाव. मग माझा हिस्सा तुझा. तवर मला विचारू नगं."

"तिनं कुठं मागितलाय?"

"तिनं मागितलं तर तिचं माहेर तुटंल. मी मागते. माझं तुटलं तर माझ्या खानावळीत जेवायला शंभर पोरं हायती."

म्हाळसाला सहीला न बसवताच गोकुळनं जीप माघारी वळवली. पुढं गावानं छबूबाईला नावं ठेवायला काही बाकी ठेवलं नाही. थोरली जमिनीला हपापली, भरल्या घरात भांडण लावलं. भावजय राजेश्वरीनं तर विहिरीवर पाणी भरताना बोलणं काढलं, "तुमाला काय कमी हाय वन्सं?" छबूबाई म्हणाली, "काय न्हाय. म्हणून तर बोलता येतंय." म्हाळसा रडून म्हणाली, "अक्का, दे सोडून, माझ्यापायी शिव्या खातीस." त्यावर छबूबाईनं तिच्या हातात पीठ मळायला दिलं. "शिव्यांनी पोट भरत न्हाय आन् फुटतबी न्हाय. घट्ट मळ."

आपली बहीण जेवण चांगलं करते एवढंच म्हाळसाला आजवर ठाऊक होतं. नावं ठेवणाऱ्यांच्या पुढं ती अशी भिंतीसारखी उभी राहील, हे तिला नवीन होतं.

गोकुळनं उन्हाळाभर ताणून धरलं. पण अक्काच्या सहीशिवाय जमीन त्याच्याही एकट्याच्या नावावर चढेना. अखेर मोजणी झाली, वाटप झालं, म्हाळसाचं नाव वेगळ्या सातबाऱ्यावर चढलं. छबूबाईनं तो उतारा शेजारच्या सोनमकडून दोनदा वाचून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी इंदापूर गाठलं. साडी तीच, आता चार धुण्यांनी मऊ झालेली.

"मावशी, राजीखुशीनं?"

"आता हाय," असं म्हणून तिनं अंगठा टेकवला.

भाऊबीजेला गोकुळ न्यायला आला नाही. छबूबाई म्हाळसाला घेऊन स्वतःच कळसला गेली, ओसरीवर पाट मांडला आणि हाक मारली, "गोकुळ, ये बस. दिवा इझतोय."

तो आला. मान खाली घालून बसला. छबूबाईनं ओवाळलं, मग ताट म्हाळसाच्या हातात दिलं. गोकुळनं टिळा लावून घेतला, अन् तिच्याकडं न बघताच विचारलं, "वांग्यास्नी पाणी कवा पायजे तुला? सकाळी का सांजंचं?"