पदर घेणारी हडळ

मंजुळाबाईंचे केस गुडघ्यापर्यंत होते, आणि त्या केसांपायीच त्या हडळ झाल्या.

झालं असं. एकोणनव्वद साली गावच्या झुलाल मास्तरांची एक भुताची गोष्ट चाळीसगावच्या कुठल्याशा दिवाळी अंकात छापून आली. म्हाताऱ्यानं छळून मारलेली सून हडळ होऊन त्याच्या दारात येते, एवढीच गोष्ट. पण ती वाचली सुभाषचंद फोटोवाल्यानं. लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी काढून काढून गडी कंटाळलेला. "मास्तर, याचा पिक्चर काढू!" म्हणाला, आणि केस बघून हडळ ठरवूनही टाकली. मंजुळाबाईंचा नवरा वना तर हसून लोटपोट. म्हणे, "मला विचारा, काम जमेल तिला!"

शूटिंग त्यांच्याच घरी, कापूस भरायच्या खोलीत. खिडक्यांना काळं कापड ठोकून भरदुपारी अमावास्या केली. सगळं सज्ज झालं, पण म्हाताऱ्याचं काम करणारा नट काही उगवला नाही. कॅमेरा तर पाच वाजता धुळ्याला लग्नात जायचा. सुभाषचंदनं इकडंतिकडं पाहिलं, तर ओट्यावर पांढऱ्या मिशांचे अभिमन नाना बसलेले. "नाना, तुम्हीच उभे राहा!"

आता आली का पंचाईत! नाना म्हणजे वनाचे थोरले भाऊ, मंजुळाबाईंचे जेठ. जेठासमोर उघड्या डोक्यानं जायचं नाही आणि जेठ-भावजयीनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही घरची रीत. बावीस वर्षं एका छपराखाली, पण नानांना काही सांगायचं झालं की मध्ये वना. "तिला सांग, भाजी चांगली झाली." मंजुळाबाईंना हे मनाला फार लागे. सासरा नव्हता, घरातलं मोठं माणूस हेच. त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द सरळ आपल्याला यावा, एवढीच बाईंची हौस. आज असं काम करायचं की नानांना बोलावंच लागेल, असं त्यांनी ठरवलं.

सुभाषचंद ओरडला, "चला!" हडळ केस सोडून दारात आली. समोर नाना. हडळीचा हात आपोआप वर गेला आणि पदर नाकापर्यंत आला.

"अहो बाई, भूत कधी पदर घेतं का?" सुभाषचंद म्हणाला.

"का? भुताला जेठ नसतो का?" मंजुळाबाई पदराआतून म्हणाल्या.

पुन्हा केलं, पुन्हा पदर. तिसऱ्यांदाही तेच. आणि नानांचं तर त्याहून भारी! "कोण आहेस तू?" असं हडळीला विचारायचं, तर नाना रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "विचार रे तिला, कोण आहे ती?" सुभाषचंदनं कपाळावर हात मारला. पाच वाजत आले होते. आहे ते गुंडाळून तो धुळ्याला गेला, आणि मंजुळाबाई चुलीपुढे बसून रडल्या. सगळा पिक्चर आपल्यापायी नासला, आता नाना काय बोलणार, कपाळ!

पंधरा दिवसांनी संध्याकाळी शाळेत टीव्ही मांडला. बठ्ठं गाव, अगदी झाडून सगळं, खो-खो हसायला म्हणूनच आलं होतं. दारात हडळ उभी राहिली. तोंड दिसेना, नुसता पदर आणि खाली लोंबणारे केस. हसणं जरा कमी झालं. मग म्हातारा रिकाम्या कोपऱ्याकडे वळला. "विचार रे तिला, कोण आहे ती?" कोपऱ्यात कोणीच नव्हतं. मग हा बोलतोय कोणाशी? पहिल्या रांगेतला चिंधा पैलवान उठून बायकांत जाऊन बसला. गोष्ट लिहिणारे झुलाल मास्तर स्वतःच रामरक्षा पुटपुटू लागले.

पिक्चर संपला. नाना उठले आणि बायकांच्या बाजूला वळले. निरोप न्यायला वना सवयीनं उभा राहिला. नानांनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं.

"मंजुळाबाई," नाना म्हणाले, "माले भेव वाटनं. भलतंच चांगलं काम करं तू."

नानांना भीती वाटली, काम आवडलं, आणि ते त्यांनी सरळ भावजयीलाच सांगितलं! सगळं गाव बघत राहिलं. मंजुळाबाईंनी पदर पुढे ओढला. आत हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळेना. पण आवाज मात्र पार दारापर्यंत गेला.

"खरंच का, नाना? पुन्हा एकदा म्हणा ना!"

आणि नानांनी पुन्हा म्हटलं.