वडिलांच्या नावाचा बाक

वडील गेले त्या वर्षी मी कॉलनीतल्या बागेला एक लोखंडी बाक दिला. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप माझंच, त्यामुळे समोर उभा राहून करून घेतला. पाठीवर वडिलांचं नाव आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. नाशिकच्या कुठल्याही बागेत जा, बसायला मेलेल्यांची नावंच मिळतात. सकाळच्या फेऱ्या झाल्या की मी त्याच बाकावर बसायचो. आमच्या सकाळी फिरणाऱ्या ग्रुपमधल्या लोकांनी ते नाव वाचावं, अशी माझी फार इच्छा असायची. खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात तिथे एक म्हातारा झोपायला लागला. सुरगाण्याकडचा होता. द्राक्षबागेत कामाला आला, तिथे पडला आणि कंबरेतून गेला. मुकादमाने त्याला शहरातल्या दवाखान्यात टाकलं आणि टोळी घेऊन गावाकडे निघून गेला. दवाखान्यातून सुटल्यावर म्हातारा काठी टेकत टेकत आमच्या बागेत पोचला. हे सगळं त्यानेच मला सांगितलं, मी त्याला उठवायला गेलो होतो तेव्हा.

“शेठ, भुईवर निजलो तर मला उठता नाय येत,” तो म्हणाला. “बाकावरून पाय खाली सोडले का उभा राहतो.”

मी त्याला न उठवताच परत फिरलो. पण ग्रुप बोलायचा. आमच्यात सगळी निवृत्त, सुशिक्षित, पोटाला चिमटा कधीच न बसलेली माणसं. एकाने ओळखीतून निवारा केंद्रात फोन करून पाहिला. जागा आहे, पण आधार कार्ड आणा, असं उत्तर आलं. म्हाताऱ्याचं कार्ड मुकादमाकडे राहिलेलं. म्हणजे आपण आपलं कर्तव्य केलं, असं ठरवून सगळे चहाला वळले. तिथे एक माजी मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, “तुमच्या वडिलांच्या नावाला पाठ लावून कुणीही झोपतं. तुम्हाला चालतं कसं?”

माझं डोकं सणकलं. राग बाईंचा यायला हवा होता, आला म्हाताऱ्याचा.

“बाकाला मधे दोन दांडे लावतो,” मी म्हणालो. “बसणाऱ्याला हात टेकायला होतील आणि झोपणाऱ्याला जागा उरणार नाही. कुणाला हाकलायला नको, वाईटपणा नको.”

सगळ्यांनी वाहवा केली. आयुष्य गेट आणि खिडक्यांचे गज करण्यात गेलं, एवढी तारीफ कधी वाट्याला आली नव्हती.

दुपारी टेप घेऊन बागेत गेलो. म्हातारा उन्हाला बसला होता. त्याला म्हणालो, “जरा आडवा हो.” दांडे चुकीच्या जागी बसले तर तो अंगाची मुटकुळी करून झोपेल, ही माझी काळजी. काम करायचं तर चोख करायचं, ही सवय. तो मुकाट्याने आडवा झाला. टेपचं एक टोकही त्यानेच धरलं.

“काय लावता, शेठ?”

“दांडे. धरायला.”

“लय बरं होईल. उठताना आधार होईल मला.”

“हो,” मी म्हणालो आणि त्याच्या बरगडीशी एक, गुडघ्याशी एक अशा खडूने खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या वेल्डरने दांडे बसवले. म्हातारा बोचकं मांडीवर घेऊन बाजूला बसून होता. “पक्का लाव रे, माझा भार येणार हाय त्याच्यावर,” असं तो मधेमधे सांगत होता, हे वेल्डरने मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज किळस येते.

पुढच्या दोन सकाळी तो दोन दांड्यांच्या मधे बसल्या बसल्या झोपलेला दिसला. मान छातीवर पडलेली, तोंड उघडं. आमच्यातल्या एकाने दांडा हलवून पाहिला आणि काम मजबूत आहे म्हणाला.

तिसऱ्या सकाळी तो खाली होता. झोपेत घसरला की अंग मोडून आल्यावर स्वतःच उतरला, कोण जाणे. गवत दवाने भिजलेलं, गोधडी भिजलेली. कुशीवर पडून तो एक हात वर करत होता. बोटं दांड्याच्या वीतभर खाली थरथरून पुन्हा गवतावर पडत होती. किती वेळ चाललं होतं देव जाणे.

मी दिसताच त्याचा चेहरा उजळला. रागाचा लवलेश नव्हता. खरं सांगतो, त्याने आईवरून शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

“शेठ, दांडा चांगला हाय,” तो धापा टाकत म्हणाला. “पण जरा खाली लावाया पायजे होता. हात पोचत नाय.”

मागून ग्रुपचे आवाज जवळ येत होते. वाकून त्याला हात द्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

“उद्या माणूस पाठवतो,” मी म्हणालो आणि माझ्या राहिलेल्या फेऱ्या पूर्ण करायला निघालो.