अजीजभाईंची घोंगडी

घोडेगावच्या बैलबाजारात लिंबाखाली दोन माणसं बसायची. मुख्य पंच अजीजभाई, आणि शेजारी सहादेव. सौद्यात खोट निघाली की भांडणारे तावातावानं इथंच यायचे. अजीजभाई डोळे मिटून बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे, सहादेव खुरांशी वाकायचा, आणि मग जो निकाल लागेल त्यावर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

सत्तेचाळीस साली अजीजभाई लेकीला कराचीला पोचवायला निघाले. आपली बसायची घोंगडी सहादेवच्या हातात दिली. चारचौघांदेखत म्हणाले, "दोन म्हैन्यात येतो. तवर तू बघ."

दोन महिने! दोन वर्षं उलटली की हो. सहादेव दर बाजारी ती घोंगडी झटकून अंथरायचा आणि स्वतः शेजारी मातीत बसायचा. ऊन सरकलं की घोंगडीही सावलीत सरकवायचा. निकाल द्यायचा तोही कसा? "अजीजभाई येईस्तोवर असं करा." लोक हसायचे. हसेनात का! दुपारी भाकर सोडली की अर्धी मोडून त्याचा हात डावीकडं, घोंगडीकडं जायचा आणि तसाच राहायचा. त्या माणसावाचून त्याला करमत नव्हतं, हेच खरं.

श्रावणात पत्र आलं. शाळेतल्या गहिनीनाथ गुरुजींनी ते वाचून दाखवलं. "नातवात जीव गुंतलाय. आता माझं येणं होत नाही. घोंगडी तुझी. तिच्यावर बस." सहादेवनं पत्राची घडी बंडीच्या खिशात घातली, आणि कुणाला सांगू नका म्हणून गुरुजींना शपथ घातली. पुढच्या बाजारी घोंगडी पुन्हा रिकामीच अंथरली.

मार्गशीर्षात कडूबाई रडत आली. विधवा बाई. तिनं व्यापारी सूर्यभानशी बैलाची अदलाबदल केली होती, आणि नवा बैल मानेवर जू ठेवलं की बसकण मारायचा. मोट बंद, गहू वाळायला लागलेला. सहादेवनं बैल तपासला. "सूर्यभान, तिचा बैल तिला परत दे. अजीजभाई येईस्तोवर..."

सूर्यभान बेरकी. तिथंच धरलं त्यानं. "म्हंजी निकाल पक्का न्हाई तर! तुमी हंगामी. अजीजभाई आले का देतो की बैल."

"तवर माजा गहू थांबंल व्हय रं मुडद्या?" कडूबाई कडाडली. मग सहादेवला हात जोडून म्हणाली, "दादा, बसा की त्या घोंगडीवर! येकदा बसा."

सहादेवनं घोंगडीकडं पाहिलं. बसावं तर अजीजभाई येणार नाहीत हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं. न बसावं तर बाईचं पीक जातंय. तो उठला, घोंगडीच्या कडेपर्यंत गेला. पुढं काही पाय पडेना.

गहिनीनाथ गुरुजी गर्दीत होतेच. दिल्लीत नवी राज्यघटना मंजूर झाल्यापासून ते भेटेल त्याला तिची कलमं ऐकवायचे. लोक त्यांना लांबून पाहून वाट बदलायचे. आज मात्र कुणी हललं नाही.

"सूर्यभान, ऐक. हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश गैरहजर असला, नाहीतर त्याची जागाच रिकामी झाली, तर राष्ट्रपती नेमतील त्या दुसऱ्या न्यायाधीशानं ते काम करायचं. माणूस हंगामी असतो, बाबा. निकाल हंगामी नसतो!"

"ते दिल्लीचं. हितं यास्नी कुनी नेमलं?"

"अजीजभाईंनी नेमलं!" कडूबाई म्हणाली. "माज्या डोळ्यांम्होरं घोंगडी हातात दिली."

सहादेव मागं फिरला आणि आपल्या जागी मातीत बसला. "बैल सोड, सूर्यभान. निकाल पक्का." या खेपेला 'अजीजभाई येईस्तोवर' काही जोडलं नाही. सूर्यभान तोंड वाकडं करून दावं सोडू लागला.

गुरुजी निकाल कागदावर लिहायला बसले. मुख्य पंच म्हणून अजीजभाईंचं नाव लिहिलं आणि थांबले. सहादेवच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "पुढं काय लिहू? जागा रिकामी, का गैरहजर? कलमात दोन्ही चालतं."

सहादेवनं बंडीचा खिसा नुसता चाचपला. डोळे भरून आले होते, ते काही त्यानं लपवले नाहीत.

"गैरहजर लिव्हा, गुरुजी," तो म्हणाला. घोंगडीवर ऊन आलं होतं. त्यानं ती सावलीत ओढून घेतली.