तो नॉइज नाही, कापूस आहे

“या बायका लाजतायत ना? क्यूट! इथे कॅप्शन टाकू, ‘लाजऱ्या गिरणगावकरणी’.”

जाहिरात एजन्सीची तन्वी हे म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. स्क्रीनवर पाच-सहा बायका नाकाला पदर लावून गिरणीच्या कार्डिंग खात्यात उभ्या होत्या. त्यांतली एक माझी आई.

मी परळच्या एका स्टुडिओत व्हिडिओ रिस्टोरेशन करते, म्हणजे खराब झालेलं चित्र बघण्यासारखं करते. मूळ चित्रात जे नाहीच ते मी आणू शकत नाही, हे क्लायंटना पटवण्यात माझा निम्मा जन्म गेलाय. हे काम होतं एका टॉवरच्या लॉबीसाठी. टॉवर उभा होता आमच्या गिरणीच्या जागेवर, आणि लॉबीतल्या भल्यामोठ्या स्क्रीनवर त्यांना गिरणीच्या ‘गोड आठवणी’ हव्या होत्या.

ती क्लिप मला पाठ होती. संपानंतर गिरणीची थोडी खाती पुन्हा सुरू झाली, तेव्हा बाबांचे दोस्त रघुनाथकाका यांनी भाड्याच्या कॅमेऱ्याने एका दसऱ्याला ती शूट केली होती. दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची आणि कामगारांच्या बायका-पोरांना आत सोडायचे. पूजा झाली की पोरांना दाखवायला मशीन चालू करायचे. पुढे काकांनी टेपवरून सीडी करून घेतली, सीडीवरून क्लिप मोबाइलवर गेली, आणि आता आमच्या चाळीच्या ग्रुपवर दर दसऱ्याला सोनं वाटावं तशी ती वाटली जाते.

अशीच फिरत फिरत ती एजन्सीकडे पोचली. या वाटपानेच ती खराब झाली. फॉरवर्ड करताना फाइल लहान केली जाते, त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. एका फ्रेममधून दुसरीत जे तसंच राहतं ते पुन्हा साठवत नाहीत, बदललं तेवढंच साठवतात. भिंत त्यात स्वस्तात निघते. पण हवेत सतत काही उडत असेल तर प्रत्येक फ्रेम वेगळी, आणि मग जागा न पुरल्याने चित्राचे चौकोन पडतात. कार्डिंग म्हणजे कापूस विंचरण्याचं खातं. तिथे हवेपेक्षा कापूसच जास्त.

चौकोन घालवायचा सोपा उपाय म्हणजे डीनॉइज. जे चित्रात टिकतं ते ठेवायचं, जे क्षणभर येऊन जातं ते नॉइज समजून पुसायचं. डेमोसाठी माझे बॉस सलीलसर यांनी ते बटण स्वतःच दाबलं होतं. चित्र लख्ख झालं. मशीन चमकली, झेंडूच्या माळा उठून दिसल्या. कापूस साफ गायब, आणि बायका मात्र विनाकारण नाक झाकून उभ्या.

“त्या लाजत नाहीयेत,” मी तन्वीला म्हटलं. “नाकात कापूस जातोय. सॉफ्टवेअरने तो पुसलाय.”

“ओके, पण क्लीनच बेटर आहे ना? लॉबी आहे यार, धूळ कशाला दाखवायची?”

ती गेल्यावर सर म्हणाले, “तू इमोशनल होतेयस. नॉइज म्हणजे नॉइज.”

“सर, तो नॉइज नाही, कापूस आहे. माझे बाबा याच खात्यात होते.”

“क्लायंटला क्लीन हवंय. शुक्रवारी डिलिव्हरी. जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला बसवतो.”

त्या संध्याकाळी घरी आईला तो डेमो दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला. स्वतःला ओळखलं, हसली. मग हसू गेलं.

“गिरण इतकी साफ होती, तर तुझो बापूस खोकान खोकान कशाक गेलो गो?”

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

सकाळी लालबागला रघुनाथकाकांकडे गेले. सीडी त्यांनी जिवापाड जपली होती. चकाकी राहावी म्हणून दर दसऱ्याला, मशीनला तेल घालावं तसं, तिला खोबरेल चोळत होते! साबणाच्या पाण्याने धुतली तेव्हा कुठे ती चालली. त्या फाइलमध्ये चौकोन कितीतरी कमी होते. मग डीनॉइजला हात न लावता बसले. भिंती, मशीन, माणसं आणि हवा वेगवेगळी केली. फक्त चौकोनांच्या कडा मऊ केल्या. हळूहळू कापूस परत दिसायला लागला. केसांवर, खांद्यांवर, झेंडूवर.

शुक्रवारी तन्वीने ते पाहिलं. मग म्हणाली, “सॉरी, पण हे लॉबीत नाही चालणार. आधीचंच द्या.”

सर लगेच हो म्हणाले. मी म्हटलं, “शूटिंग रघुनाथकाकांचं आहे. त्यांची परवानगी लागेल.” आणि सगळ्यांसमोर काकांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. “कापूस दाखवूचो नसात, तर माझी फिलम लावू नको म्हणून सांग त्यांका,” म्हणाले आणि फोन ठेवला.

लॉबीत आता गिरणीच्या चिमणीचं कार्टून फिरतं. त्यातून धूरसुद्धा निघत नाही. त्या एजन्सीचं काम आम्हाला पुन्हा मिळालं नाही, आणि सर अजून अधूनमधून ते ऐकवतात. ऐकवू देत. डेमोची फाइल मी उडवली. चाळीच्या ग्रुपवर आता कापसासकटची क्लिप फिरते.

या धंद्यात एवढंच शिकले. नॉइज कशाला म्हणायचं, हे सॉफ्टवेअरला विचारू नये. ज्यांच्या नाकातोंडात गेला त्यांना विचारावं.